घरची धास्ती आणि वर्गातला शिक्षक

(संस्थेच्या अध्यापक महाविद्यालयात भरलेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यान. जे पालक त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांनी हे आपल्यालाच सांगितले आहे असे समजून वाचावे, ही विनंती.)



आजच्या मेळाव्यात मी छात्राध्यापकांच्या अभ्यासक्रमाविषयी बोलावे, अशी संस्थेची अपेक्षा होती. परंतु अभ्यासक्रम छापील पुस्तिकेत मिळतो. त्या पुस्तिकेत जे मिळत नाही, त्याविषयी बोलण्याची परवानगी मी मागून घेतली आहे. आपली मुले-मुली आमच्याकडे शिक्षक होण्यासाठी येतात, तेव्हा दप्तरातून पाठ टाचणाची वही आणतात. आणि मनातून घर आणतात. त्या घराचा त्यांच्या शिकवण्यावर काय परिणाम होतो, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत सराव पाठाचे निरीक्षण करण्यासाठी मी मागच्या बाकावर बसलो होतो. इयत्ता सहावीचा वर्ग, विषय गणित, घटक अपूर्णांकांची बेरीज. पाठ घेणारी मुलगी हुशार. तिचे टाचण नीटनेटके होते, कागदाच्या पट्ट्या कापून तिने साधनही उत्तम तयार केले होते. पहिली पाच मिनिटे बरी गेली. मग तिने फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असे लिहिले आणि उत्तर लिहिले दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. जी चूक मुले करतात आणि जी टाळण्यासाठी तो पाठ होता, तीच चूक तिच्या हातून झाली. मुलांनी ती निमूटपणे वहीत उतरवली. तिच्या लक्षात आले तेव्हा तिचा घसा कोरडा पडला, खडू हातातून पडला आणि पुढचे एक वाक्यही तिला आठवेना. मी निरीक्षण वहीत शेरा लिहिला : "विषयाची तयारी अपुरी."

दुपारी ती मला भेटली. टाचणाच्या मागील पानांवर तिने तोच पाठ घरी तीन वेळा लिहून काढला होता, आणि तिन्ही वेळा उत्तर पाच षष्ठांश असे बरोबर होते. मग सकाळी काय झाले? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "सर, आज सकाळी मोठे चाचा घरी आले होते. माझ्यासमोरच अब्बांना म्हणाले, नोकरीचा भरवसा नसेल तर हिला शिकवून पैसे कशाला घालवता? आलेले स्थळ स्वीकारा. अब्बा काहीच बोलले नाहीत. वर्गात मला वाटत होते की मागच्या बाकावर तुम्ही नाही, चाचाच बसले आहेत."

माझा शेरा चुकला होता. तयारी पुरी होती, अपुरे होते ते मन:स्वास्थ्य. वहीतला शेरा मला खोडता आला नाही, आणि तो माझ्या मनातूनही खोडला गेलेला नाही. म्हणूनच आज आपल्यापुढे उभा आहे.

चिंता म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. संकट समोर दिसले की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. वाघ समोर आला तर ही तयारी उपयोगाची असते. पण इयत्ता सहावीचा वर्ग म्हणजे वाघ नव्हे. तेथे पळावयाचेही नसते आणि झुंजावयाचेही नसते. तेथे विचार करावयाचा असतो. मन जेव्हा धोक्याचाच विचार करू लागते, तेव्हा दोन आकडे आणि एक वाक्य ध्यानात धरून ठेवण्यासाठी जी जागा लागते, तीच त्या विचाराने अडवली जाते. येत असलेली गोष्ट ऐन वेळी आठवत नाही, त्याचे कारण हे आहे.

याचा अर्थ चिंता मुळीच असू नये असा नाही. यर्क्स आणि डॉडसन या दोन संशोधकांनी १९०८ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखवले की अवघड काम शिकताना उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपकारक ठरते आणि मर्यादा ओलांडली की तीच काम बिघडवते. माणसाच्या बाबतीतही आपला अनुभव तोच आहे. पाठाच्या आदल्या रात्री थोडी हुरहुर वाटलीच पाहिजे. ती वाटली नाही तर टाचण कोण लिहील? स्पीलबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चिंतेचे दोन प्रकार मानले आणि ते मोजण्याची प्रश्नावली १९७० मध्ये प्रसिद्ध केली. एक प्रसंगापुरती चिंता, जी पाठ संपला की ओसरते. दुसरी स्वभावात मुरलेली चिंता, जिच्यामुळे माणसाला साध्या प्रसंगातही धोका दिसतो. पहिली चिंता वर्गात निर्माण होते. दुसरी मात्र वर्गात येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसात असते. काही अंशी ती जन्मजात असते, आणि बऱ्याच अंशी लहानपणापासूनच्या अनुभवांतून घडते. त्या अनुभवांत घराचा वाटा मोठा असतो.

छात्राध्यापकाची अवस्था मुळातच चमत्कारिक असते. तो एकाच वेळी शिक्षकही असतो आणि विद्यार्थीही. समोर चाळीस-पन्नास मुले त्याला पारखतात, मागे निरीक्षक त्याला गुण देतात. २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामाचे आठवडेही वाढले. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा, असे किमान वीस आठवडे त्यात धरले आहेत. शिक्षक घडण्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण घरच्या दृष्टीने पाहिले तर खर्चाचे एक वर्ष वाढले आणि कमाईचे एक वर्ष लांबले.

पालकांच्या मनातला हिशेब पुष्कळदा जुनाच आहे. पूर्वी डी.एड. झाले की जिल्हा परिषदेची नेमणूक ठरलेली, अशी आपल्याकडे समजूत होती, आणि अनेक घरे त्या नोकरीवर उभी राहिली हेही खरे आहे. आता तसे नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, आणि पहिली ते आठवीच्या नव्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. महाराष्ट्रात ती २०१३ मध्ये सुरू झाली. परीक्षा १५० गुणांची, आणि सर्वसाधारण उमेदवाराला त्यांतले ९० मिळवावे लागतात. त्यावर २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. त्यानंतर पवित्र पोर्टलवर नाव नोंदवायचे आणि जाहिरातीची वाट पाहायची. हे टप्पे मुलाला ठाऊक असतात, घराला नसतात. मग घर रोज विचारते, "नोकरी कधी लागणार?" आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातात नाही, तो प्रश्न मुलगा रोज वर्गात घेऊन जातो.

आता घराचा परिणाम कोणकोणत्या वाटांनी होतो, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

पहिली वाट उपकाराच्या ओझ्याची. आपल्या समाजात पुष्कळ मुले घराण्यातील पहिली पदवीधर असतात. फीसाठी अम्मीच्या बांगड्या गहाण पडलेल्या असतात, किंवा थोरल्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम धरलेले असते, किंवा आखाती देशातून मामू पैसे पाठवत असतात. हा त्याग थोर आहे. परंतु दर जेवणाच्या वेळी त्याची आठवण करून दिली, तर मुलाला एक सराव पाठ बिघडणे म्हणजे साऱ्या घराचा विश्वासघात वाटू लागतो. वीस मिनिटांच्या पाठावर एवढे वजन ठेवले तर तो पाठ पेलणार कसा?

दुसरी वाट तुलनेची. "अमक्याच्या मुलाला पहिल्याच खेपेला नोकरी लागली," हे वाक्य उत्तेजन म्हणून बोलले जाते आणि अपमान म्हणून ऐकले जाते. सतत तुलना ऐकलेला तरुण फळ्याकडे वळला तरी पाठीमागची कुजबुज आपल्याविषयीच आहे, असे समजतो. पुढे तो स्वत:च्या वर्गातल्या मुलांचीही अशीच तुलना करू लागतो, आणि घरातली धास्ती एक पिढी पुढे सरकते.

तिसरी वाट अतिकाळजीची. मुलीला सरावाच्या शाळेत एकटे जाऊ द्यायचे नाही, मुख्याध्यापकांशी तिच्याऐवजी भावाने बोलायचे, बँकेतला अर्ज अब्बांनीच भरायचा. यात प्रेम आहे, शंका नाही. पण ज्या मुलीला वीस वर्षे आपण प्रत्येक गोष्टीत "तुला जमणार नाही" असे न बोलता सांगितले, तिने एकविसाव्या वर्षी पन्नास मुलांपुढे उभे राहून "मला जमते" असे कोठून म्हणावे?

चौथी वाट कामाची. लग्न झालेल्या छात्राध्यापिका पहाटे उठून घरच्यांची भाकरी-भाजी करतात, रमजानमध्ये सहेरीची तयारी करतात, मग परिपाठाच्या आधी शाळेत पोहोचतात. रात्री सगळे झोपल्यावर टाचण लिहायला बसतात. त्यांच्या चिंतेचे कारण शोधायला मानसशास्त्र नको, घड्याळ पुरे आहे.

पाचवी वाट भाषेची. ज्यांच्या घरी दखनी किंवा उर्दू बोलली जाते आणि ज्यांना मराठी माध्यमात पाठ घ्यावे लागतात, त्यांना उच्चार चुकला तर मुले हसतील याची भीती असते. ज्या घरात मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते, चुकले तर हसण्याऐवजी दुरुस्त केले जाते, त्या घरातील मुलांची ही भीती सहा महिन्यांत जाते, असे मी पाहिले आहे.

येथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. मी सगळा दोष घराच्या माथी मारीत नाही. आम्ही निरीक्षक मुलांसमोरच छात्राध्यापकाची चूक काढतो, एका दिवसात जास्त पाठ उरकतो, घाईने शेरे लिहितो. माझा शेरा आपण ऐकलाच. आणि गरिबी म्हणजेच चिंता असेही नाही. अक्षरओळख नसलेल्या कित्येक माता रात्री मुलासमोर बसून "मला मुलगी समज आणि शिकव" म्हणतात. त्यांची मुले वर्गात निर्धास्त उभी राहतात. उलट सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांतील मुले थरथरताना मी पाहिली आहेत.

घराच्या वागण्याचा शिक्षकावर केवढा परिणाम होतो, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. सावित्रीबाई फुले यांना प्रथम घरीच जोतीरावांनी शिकवले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी सासरच्या घरातून दोघांना बाहेर पडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे सांगितले जाते. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेरी, नायगावी असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भाऊ त्यांच्या कार्यावर टीका करीत होता, त्याला त्यांनी कसे समजावले आणि ते ऐकून आईचे मन कसे वळले, हे त्या पत्रात आले आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेखही त्यात आहे. एका घराने दार लावले, एका घराने उघडले. एका भावाने बोल लावला, एका सहकारी बहिणीने शाळा सांभाळली. घरचा विरोध काही कमी नव्हता. तरी त्या टिकल्या, कारण आपले म्हणणारे कोणीतरी पाठीशी होते.

आता आपल्या सर्वांना परिचित असलेला एक प्रसंग आठवावयाचा आहे. कोणाशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. घराने कसे वागावे एवढाच धडा घ्यावयाचा आहे. हिरा गुहेत 'इक्रा' हा पहिला संदेश आला, तेव्हा हजरत पैगंबर (स.) थरथरत घरी आले आणि आपल्याला पांघरूण घालावे, असे त्यांनी सांगितले. हजरत खदीजा (र.) यांनी काय केले? आधी पांघरूण घातले. थरथर थांबेपर्यंत जाब विचारला नाही. मग धीर दिला, पण पोकळ शब्दांनी नव्हे. आपण नातेवाइकांशी नाते राखता, दुर्बळांचा भार उचलता, पाहुण्यांचा सत्कार करता, असे त्यांच्याच आयुष्यातले दाखले देऊन, अल्लाह आपल्याला कधी एकटे टाकणार नाही, असे सांगितले. आणि तिसरे म्हणजे त्या त्यांना आपले चुलतभाऊ वरका यांच्याकडे घेऊन गेल्या, कारण वरकांना धर्मग्रंथांचे ज्ञान होते. आधी मायेची ऊब, मग खऱ्या दाखल्यांनी धीर, मग जाणकाराचा सल्ला. पालकहो, चिंताग्रस्त माणसाशी घराने कसे वागावे, याचा याहून चांगला पाठ मला कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात सापडलेला नाही.

हे आपल्या घरी कसे उतरवावयाचे? मुलगी पाठ बिघडवून घरी आली तर आधी पाणी द्या, जेवू द्या. "काय झाले?" हा प्रश्न तासभराने विचारला तरी चालतो. मग "काही होत नाही, सगळे ठीक होईल," असे म्हणू नका. तिचा त्यावर विश्वास बसत नाही. त्याऐवजी तिने केलेले काम तिला दाखवा. "गल्लीतल्या पोरांना तू पाढे शिकवलेस, तेव्हा त्यांना समजले होते," असे म्हणा. आणि भीती फार दिवस टिकली, झोप उडाली, अन्न जाईना, महाविद्यालयात जाण्याच्या नुसत्या विचाराने उलटी होऊ लागली, तर जाणकाराकडे न्या. दुआ जरूर मागा. पण नजर लागली म्हणून घरात बसवून ठेवू नका. आधी मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटा, आणि गरज पडली तर डॉक्टरांना. ऑक्टोबर २०२२ मध्ये शासनाने टेलिमानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाविषयी विनामूल्य बोलता येते. तेथे फोन करण्यात घराण्याची इज्जत जात नाही.

शेवटी माझ्या स्वत:च्या घरातली एक गोष्ट कबूल करतो. लोकांना हे सारे सांगणारा मी, माझी मुलगी बी.एड. करीत असताना रोज संध्याकाळी तिला एकच प्रश्न विचारीत असे : "आज पाठाला किती गुण मिळाले?" काही दिवसांनी ती माझ्या येण्याच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसू लागली. तिच्या अम्मीने मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही बाप म्हणून घरी या, निरीक्षक म्हणून नको." मला फार लागले, पण खरे होते.

त्या सुमारास फ्रान्सिस फुलर या अमेरिकन अभ्यासिकेचा १९६९ सालचा लेख मी पुन्हा वाचला. शिकाऊ शिक्षकाची काळजी प्रथम स्वत:विषयी असते : माझे कसे होईल, मला लोक काय म्हणतील? अनुभवाने ती मुलांकडे वळते : त्यांना समजले का, त्यांचे काय अडले? माझ्या लक्षात आले की मी रोज गुण विचारून मुलीला पहिल्याच पायरीवर धरून ठेवीत होतो. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. "आज मुलांना काय समजले?" असे विचारले. ती पहिल्यांदा गोंधळली. मग म्हणाली, "अब्बा, एक मुलगा आहे, त्याला हातच्याची वजाबाकी काही केल्या येत नाही." त्या रात्री आम्ही तिघे काड्यांच्या जुड्या बांधीत बसलो होतो. गुणांची गोष्ट निघालीच नाही. तिची भीती एका दिवसात गेली असे मी म्हणणार नाही. पण ती स्वयंपाकघरात जाऊन बसायची थांबली.

छात्राध्यापक मित्रांनो, तुमच्याकडेही थोडे मागणे आहे. घरच्यांना तुमचे जग दाखवा. पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, पोर्टल हे सगळे कागदावर काढून अब्बांना समजावून सांगा. न कळलेल्या गोष्टीची भीती त्यांनाही वाटत असते. एखादा पाठ आधी घरच्यांपुढे घ्या, धाकट्या भावंडांना बाकावर बसवा. पाठात चूक झाली तर मुलांसमोर सरळ "माझे चुकले, आपण पुन्हा पाहू" म्हणा. आणि घाबरलेला विद्यार्थी समोर दिसला तर आपली थरथर आठवा. जो स्वत: घाबरला होता, त्यालाच घाबरलेले मूल लवकर ओळखू येते.

अपूर्णांकांत चुकलेली ती मुलगी पुढे कोठे गेली, हे सांगितल्याशिवाय आपण मला जाऊ देणार नाही. पुढच्या आठवड्यात तिने तोच पाठ पुन्हा घेतला. त्या दिवशी तिचे अब्बा तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले होते. चाचांना त्यांनी काय उत्तर दिले ते मी विचारले नाही. फाटकाशी ते तिला एवढेच म्हणाले, "बेटा, नीट शिकव. मी आहे." तिने पट्ट्या मुलांच्या हातात दिल्या, त्यांच्याकडूनच सहा समान भाग करून घेतले, आणि पाच षष्ठांश हे उत्तर फळ्यावर तिने नव्हे, मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिले. आज ती शिक्षिका आहे.

'मी आहे' या दोन शब्दांना फी लागत नाही, पदवी लागत नाही. आज घरी गेल्यावर ते आपल्या मुलाला, मुलीला, सुनेला म्हणून पाहावे, एवढीच विनंती.